कणांची टक्कर व तिचें गणित

उणे चिन्ह दिसतांच नाक मुरडणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात. आज आम्ही त्यांच्यासाठींच लिहीत आहों.

दोन सूक्ष्म कण आदळले असतां ते कोणत्या दिशेस विखुरतील, हें निश्चित सांगतां येत नाहीं. संभव किती, एवढेंच सांगतां येतें. त्यासाठीं प्रथम ‘आयाम’ नांवाची संख्या काढून तिच्या परिमाणाचा वर्ग करावा लागतो. समजा, एकच घटना दोन मार्गांनीं घडूं शकते, आणि कोणत्या मार्गानें घडली हें ओळखण्यास कांहींच खूण नाहीं. आयाम ३ व ४ धरूं. (हीं केवळ तुलनेचीं प्रमाणें.) वाचक म्हणतील, ९ आणि १६ मिळून २५. तसें नव्हे! आधीं बेरीज, मग वर्ग, म्हणजे ४९. आतां दुसरा आयाम उणे ४ असेल तर? बेरीज उणे १, वर्ग अवघा १. एकट्या पहिल्या मार्गाचे ९ होते. मार्ग वाढला आणि संभव घटला!

हे मार्ग चित्रांनीं मोजण्याची रीत रिचर्ड फाइनमन यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केली. परंतु दोन ग्लुऑन आदळून चार निघावयाचे तर अगदीं साधीं चित्रेंच २२० होतात. त्यांतील ठराविक प्रकारांचें उत्तर पार्क व टेलर यांनीं १९८६ सालीं एका ओळींत बसविलें, तेव्हां एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणासही वाटावें.

१९६८ सालीं व्हेनेझियानो यांनीं ऑयलरच्या जुन्या बीटा फलाचा आधार घेऊन असाच एक आयाम लिहिला. तो कंप पावणाऱ्या तंतूंचा आहे, हें नांबू, नील्सन व सस्किंड यांस पुढें उमगलें. मूळ हेतु मात्र फसला. अणुगर्भांतील बलाचा उलगडा क्वार्क व ग्लुऑन यांच्या सिद्धांतानें केला. शिवाय तंतूंच्या गणितांत एक नको असलेला वस्तुमानहीन कण वारंवार डोकावे. तो गुरुत्वाकर्षणाचाच वाहक असावा, असें १९७४ सालीं शेर्क व श्वार्ट्झ यांनीं दाखविलें.

तंतु एका बिंदूंत आदळत नाहींत. विजारीचे दोन पाय कमरेशीं एक व्हावेत तसे मिळतात. ह्या पृष्ठांचे तुकडे कसे पाडावे व जोडावे, हें तंतु-क्षेत्र-सिद्धांत सांगतो. तुकडे जोडणारी नळी फारच लांबली कीं उत्तर अनंताकडे धांवतें. तेथें अर्थपूर्ण उत्तर कसें काढावें, ह्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत पूर्वीं असलेले अशोक सेन यांनीं मोठें काम केलें आहे. प्रयोगाची साक्ष मात्र तंतूंस अद्याप मिळालेली नाहीं.