निरपराध कार्ब्युरेटर

गेल्या मे महिन्यात भर दुपारी हुडकेश्वर मार्गावर १९७० सालची एक फियाट ११०० बंद पडली. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली ही जात. पुढे हीच पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. गाडी एका पालकांच्या कैलासवासी वडिलांची होती. मिस्त्रीने बॉनेट उघडून क्षणभर पाहिले व “कार्ब्युरेटर गेला, गाडी भंगारात द्या,” असा निकाल दिला. पालकांचा चेहरा उतरला. मला मात्र तो निकाल पटला नाही, कारण आरोपीची चौकशीच झाली नव्हती.

कार्ब्युरेटरचे काम काय? इंजिन हवा ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो. त्यामुळे शेजारच्या कोठीतील पेट्रोल जेटच्या सूक्ष्म छिद्रातून तुषार होऊन तीत मिसळते. एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण. परंतु कोठीत पेट्रोलच पोहोचले नाही, तर बिचाऱ्याने तुषार कशाचे उडवावे? यास्तव शोध नेहमी टाकीपासून आरंभावा.

पंपाअलीकडील पारदर्शक गाळणीत आम्हांस पेट्रोल जवळजवळ दिसलेच नाही. गाडी सावलीत ढकलली, पंपावर व नळीवर ओले फडके ठेवले. अर्ध्या तासाने इंजिन सुरू झाले! पेट्रोलातील हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात आणि नागपूरचा मे महिना तर ४५ अंशांचा. नळीत वाफ कोंडली की पंप ती पुढे ढकलू शकत नाही.

पण हा उन्हाळा काही गाडीस नवा नव्हता. मग यंदाच असे का? दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असता, कॉइलची तार काढून, पंपाची नळी बाटलीत सोडली व स्टार्टर फिरविला. जोरदार पिचकारी यावयास हवी होती. आली क्षीण धार. (हा प्रयोग मुलांनी एकट्याने मुळीच करू नये, पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते.) पंप उघडला, तो आतील रबरी पडदा फुगून चिरलेला. आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरास ते मानवत नाही. शिवाय टाकीतील वर्षानुवर्षांचा गाळ सुटून गाळणीत येतो, तो निराळाच.

कार्ब्युरेटरचा दोष कधीच नसतो असे नव्हे. काळा धूर व काजळलेला प्लग म्हणजे पेट्रोल अधिक. अशा वेळी फ्लोट काढून कानाशी हालवावा, आत खळखळ वाजल्यास त्यास भोक आहे. चोक किंचित ओढताच इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी; जेट तुंबलेला असावा. तो फुंकून साफ करावा, तार खुपसू नये, नाहीतर छिद्र मोठे होऊन बसते.

आम्ही इथेनॉल सोसणारा पडदा बसविला, रबरी नळ्या व गाळणी बदलली, आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेलेली नळी दूर बांधली. त्यानंतर जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नसताना, ती गाडी उमरेडला जाऊन आली. कार्ब्युरेटर आम्ही उघडलासुद्धा नाही.