आरोग्याचा पाठ : अर्धशिशीचे कारण भिंतीवरच्या कॅलेंडरात



मिशनच्या आरोग्य शिबिरांत मी रक्तदाब मोजायला बसते, तेव्हा कळमनुरी आणि औंढा तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवरच्या बायका एक तक्रार हमखास सांगतात : "सिस्टर, डोकं लई उठतं." रक्तदाब बरोबर असतो, ताप नसतो, चष्म्याचा नंबरही तपासून झालेला असतो. तरी महिन्यातून चार-पाच वेळा डोके उठतेच, आणि का उठते ते कळत नाही. मग कोणी नजर म्हणते, कोणी करणी म्हणते, कोणी आळशीपणा म्हणते. म्हणून या अंकातील पाठ अर्धशिशीवर आहे. बचत गटाच्या बैठकीत, प्रार्थनेनंतर किंवा वसतिगृहात मोठ्या मुलींसमोर तो मोठ्याने वाचावा.

१. दुखणे खरे आहे

अर्धशिशीत बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते. औषध घेतले नाही तर हा ठणका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत राहू शकतो. मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, चालले-वाकले की ठणका वाढतो. काही जणांना दुखणे सुरू होण्याआधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात.

हा आजार नवा नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत तो 'अर्धावभेदक' या नावाने आला आहे. तो दुर्मीळही नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी शेजारच्या कर्नाटकात घरोघरी जाऊन पाहणी केली. तिच्यात वर्षभरात दर चार प्रौढांपैकी सुमारे एकाला अर्धशिशी आढळली. जगभरात पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास दोन ते तीन पट अधिक होतो. काही माणसांचा मेंदू बदलाला लवकर चिडतो आणि हा स्वभाव बऱ्याचदा घराण्यातून येतो. यात कोणाचा दोष नाही. कानशिलावर बिबा लावणे किंवा तापलेल्या सळईने डाग देणे याने अर्धशिशी जात नाही, कातडी मात्र भाजते आणि जखम चिघळते. प्रार्थना जरूर करावी, तिने धीर येतो. पण शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, हेही लक्षात ठेवावे.

२. कारण बहुधा एकटे येत नाही

डोके कशाने उठते असे विचारले की प्रत्येक जण एकच कारण सांगतो. कोणी ऊन, कोणी दही, कोणी उपवास. पण तीच बाई परवा उन्हात होती तेव्हा डोके उठले नाही, मग आजच का उठले?

मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठते, असे सांगणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची माहिती त्यात आहे. परदेशी पुस्तकांतील कारणांच्या यादीत न्हाणे नव्हते, आपल्या बायका मात्र पिढ्यान्‌पिढ्या ते सांगत होत्या. या रुग्णांपैकी काहींचे डोके नुसत्या न्हाण्यानेच उठत होते. काहींचे मात्र न्हाण्याला दुसऱ्या कशाची जोड मिळाली तरच उठत होते.

मला यातून मोठा धडा मिळतो. एक कारण मेंदू सोसतो, दोन-तीन एकत्र आली की सोसत नाही. पाळी तर टाळता येत नाही, हळद काढणीच्या दिवसांत ऊनही टळत नाही. पण जे कारण टळत नाही, त्याच्या जोडीला येणारे दुसरे कारण टाळता येते. जागरण, उपाशीपोटी काम, पाणी कमी पिणे, चहावर दिवस काढणे, चुलीचा धूर, उग्र वास, मनाचा ताण ही नेहमीची जोडकारणे आहेत.

३. कॅलेंडरवर खुणा कशा करायच्या

महागडी वही नको. घरात भिंतीवर लटकणारे कॅलेंडर पुरते. त्यात चतुर्थी, एकादशी छापलेल्याच असतात, त्यामुळे उपवासाचे दिवस वेगळे लिहावे लागत नाहीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी खुणा कराव्यात :

– डोके उठले : गोल. फार उठले : भरलेला गोल.
– गोळी घेतली : फुली. जितक्या गोळ्या तितक्या फुल्या.
– पाळीचा दिवस : कुंकवाचा ठिपका.
– जागरण : चंद्रकोर.
– जेवण चुकले : आडवी रेघ.
– डोक्यावरून न्हाणे : पाण्याचा थेंब.

तीन महिने खुणा कराव्यात. ज्या दिवशी डोके उठले नाही त्या दिवसाच्याही खुणा हव्यात. जागरण दहा वेळा झाले आणि डोके दोनदाच उठले, तर जागरण एकटे दोषी नाही. एखादी गोष्ट दुखण्याच्या आधी, वारंवार, आणि इतर दिवसांपेक्षा जास्त वेळा दिसली तरच तिला कारण म्हणावे.

आणखी एक फसगत होते. दुखणे सुरू होण्याआधी काही तास जांभया येतात, मान आखडते, गोड खावेसे वाटते, उजेड खुपतो. ही कारणे नसतात, अर्धशिशी आत सुरू झाल्याच्या खुणा असतात. गूळ खाल्ल्याने डोके उठले असे वाटते, पण कधी कधी डोके उठणार म्हणूनच गूळ खावासा वाटलेला असतो. म्हणून घाईने दूध, दही, शेंगदाणे बंद करू नयेत. आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे ताट आणखी रिकामे करणे बरे नाही.

४. एका भगिनीचे कॅलेंडर

कळमनुरी तालुक्यातील एका भगिनीने तिची गोष्ट इथे सांगायला परवानगी दिली आहे. नाव देत नाही. ती आणि तिचा नवरा उचल घेऊन दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तोडीवर डोके उठले तरी बसता येत नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात. म्हणून ती दुकानातून सुट्या गोळ्या घेऊन कामाला उभी राहायची. मी तिला कॅलेंडर दिले. तिने ते कोपीत टांगले, आणि शाळा शिकलेल्या नवऱ्याने रोज संध्याकाळी खुणा केल्या.

पाडव्याला परत आल्यावर आम्ही ते कॅलेंडर अंगणात पसरून पाहिले. रात्री गाडी भरली आणि सकाळी न खाता फडात गेली, अशा दिवसांवर गोल होते. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत जागरण झाले की गोल भरलेला होता. नुसत्या पाळीला किंवा नुसत्या जागरणाला बहुतेक वेळा काही नव्हते. पण सर्वांत जास्त खुणा फुल्यांच्या होत्या. महिन्यातले अठरा-वीस दिवस ती गोळी घेत होती.

ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी कॅलेंडर पाहूनच सांगितले की, आता डोके उठण्याचे एक कारण गोळीच झाली आहे. हे ऐकून तिचा नवरा चकित झाला. तुमच्यापैकी अनेकांना नवल वाटेल, म्हणून पुढचा भाग नीट वाचावा.

५. गोळीचा फायदा आणि गोळीचा त्रास

*दुखणे थांबवणारी गोळी.* ही दुखणे सुरू होताच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावी. उशिरा घेतली तर गुण कमी येतो. पण साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर त्या गोळीनेच डोकेदुखी जडते. म्हणून आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल तर डॉक्टरांना भेटावे. अशी सवय सोडताना पहिले काही दिवस डोके जास्त दुखते. हे आधी माहीत असले म्हणजे माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर पोटात जखम होऊ शकते. शौचास काळी झाली तर लगेच दवाखाना गाठावा. गरोदरपणात कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

*दुखणे येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी.* वरचेवर डोके उठणाऱ्यांना डॉक्टर ही देतात. तिचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच दिसतो. त्यामुळे पुष्कळ जण ती मध्येच सोडतात. कोणत्या गोळीचा कोणता त्रास, ते ओळखावे :

– अमिट्रिप्टिलीन : झोप, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, वजन वाढणे.
– प्रोप्रानोलॉल : थकवा, हातपाय गार पडणे, उठताना चक्कर. दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. ही एकदम बंद करू नये.
– फ्लुनारिझिन : झोप, वजन वाढणे, मन उदास होणे, हात थरथरणे.
– टोपिरामेट : हातापायांना मुंग्या, भूक कमी, शब्द न आठवणे, मुतखडा. पाणी भरपूर प्यावे. गरोदरपणी बाळाला धोका असतो.
– व्हॅल्प्रोएट : बाळाला मोठा धोका असल्याने मुली आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना अर्धशिशीसाठी ही देत नाहीत.

आपल्या भगिनीला रात्रीची अमिट्रिप्टिलीन मिळाली. सकाळी डोळे उघडेनात. हातात कोयता असताना डुलकी लागली तर काय, म्हणून ती गोळी सोडणार होती. पण तिने कॅलेंडरवर झोपेची खूण केली आणि डॉक्टरांना दाखवली. त्यांनी मात्रा कमी केली आणि गोळी झोपताना न घेता संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितली. कोरड पडली की ती घोटभर पाणी पिते. पुढच्या तोडीला पहाटे निघण्याआधी शिळ्या भाकरीचा तुकडा खायचा आणि गाडी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी न्हायचे नाही, एवढे दोघांनी ठरवले. डोके अजूनही उठते, पण महिन्यातून दोन-तीनदा. खाडे कमी झाले, आणि "नाटक करते" असे आता तिला कोणी म्हणत नाही.

*माला-एन घेणाऱ्यांसाठी.* दुखण्याआधी चमकणाऱ्या रेषा दिसणाऱ्या बाईने माला-एनसारखी दोन संप्रेरकांची गर्भनिरोधक गोळी घेऊ नये. अशा बाईला पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंनी गोळी देताना हा एक प्रश्न जरूर विचारावा. तांबी किंवा संप्रेरक नसलेली 'छाया' गोळी असे दुसरे मार्ग आहेत.

६. वाट पाहू नये अशा खुणा

क्षणात सुरू झालेली आयुष्यातील सर्वांत भयंकर डोकेदुखी. ताप आणि मान ताठ. तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, बोबडे बोलणे. झटके येणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे. गरोदर बाईचे डोके दुखून अंधारी येणे किंवा चेहऱ्यावर सूज येणे. सिकलसेलच्या रुग्णाला अचानक जोराची डोकेदुखी. यांपैकी काहीही दिसले तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि १०८ वर फोन करा.

एरवी उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटावे. तिथून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जाताना कॅलेंडर आणि घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या घरात कोणाचे डोके वरचेवर उठते? आपण त्या माणसाला काय म्हणतो?
२. आपल्या कामाच्या दिवसांत कोणती दोन कारणे नेहमी एकत्र येतात? त्यांपैकी कोणते टाळता येईल?
३. गेल्या महिन्यात आपण किती दिवस डोकेदुखीची गोळी घेतली?
४. गोळीचा त्रास झाला म्हणून कोणी गोळी सोडली का? डॉक्टरांना सांगितले का?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले कॅलेंडर आणावे. खुणा वाचायला मी आणि आशाताई मदत करू.