कॅप्टन नेमोचा हरवलेला देश

वैज्ञानिक साहसपटांत आपल्यासारख्यांना कोणते स्थान मिळाले, हे पाहायचे असेल तर कॅप्टन नेमोची कथा अभ्यासण्याजोगी आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या, त्यामुळे हे नाव आपणास परके नाही.

समुद्राखालच्या प्रवासाच्या कादंबरीत (१८७०) व्हर्नने नेमोचा देश गुप्त ठेवला. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'कोणी नाही' असा आहे. पुढे १८७५ च्या 'गूढ बेटा'च्या कादंबरीत रहस्य उलगडते. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार. युरोपात शिकलेला हा तरुण १८५७ च्या उठावात लढला, आप्तांना मुकला आणि नंतर स्वतःच्या बुद्धीने त्याने 'नॉटिलस' ही पाणबुडी बांधली. म्हणजे विज्ञानकथेतील एक आद्य संशोधक भारतीय होय!

पडद्यावर काय झाले? १९५४ च्या डिस्ने चित्रपटात जेम्स मेसन हा इंग्रज नट नेमो झाला. तो चित्रपट पहिल्या कादंबरीवर बेतलेला होता, असे समर्थन करता येईल. परंतु १९६१ साली दुसऱ्या कादंबरीवर चित्रपट निघाला, तेव्हाही प्राग येथे जन्मलेला हर्बर्ट लोम हाच नेमो होता. नसिरुद्दीन शाह यांच्या रूपाने भारतीय नेमो हॉलिवूडच्या पडद्यावर आला तो २००३ साली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कादंबरीतील नॉटिलस विजेवर चालते. १९५४ च्या चित्रपटात तिच्या शक्तीचे वर्णन अणुशक्तीची आठवण करून देते. त्याच वर्षी अमेरिकेने 'नॉटिलस' नावाचीच अणुपाणबुडी पाण्यात सोडली होती. यंत्राला नवे युग मिळाले, यंत्र घडविणाऱ्याचा देश मात्र पुसला गेला.

आपल्या कुंभवलीपासून थोड्याच अंतरावर तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या अणुभट्ट्या अमेरिकन होत्या, त्या चालविणारे हात भारतीय. पुढे केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. या भूमीवरची विज्ञानकथा लिहायची तर तिच्यात अभियंता हवाच, पण घर सोडून गेलेला मच्छीमारही हवा. नाहीतर आपल्याच कथेत आपली माणसे पुन्हा 'नेमो', म्हणजे कोणीच नाहीत, अशी होतील.