शकुंतलेची कथा व इंग्रजीचा अभ्यास

परकी भाषा शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर एकाच वेळी दोन ओझी येऊन पडतात. धड्यात सांगितलेली गोष्ट त्यास ठाऊक नसते, आणि ज्या भाषेत ती सांगितली आहे ती भाषाही त्यास नीट अवगत नसते. कोण कोणाचा कोण, हे समजून घेण्यातच त्याची निम्मी शक्ती खर्च होते. वाक्याची ठेवण न्याहाळण्यास अवसर उरत नाही. महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांतून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. तथापि नववीत आलेला चांगला हुशार मुलगाही इंग्रजीत दोन वाक्ये सलग बोलताना अडखळतो, हा अनुभव ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील शिक्षकांस नवा नाही. पालक भेटावयास येतात तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे बहुधा एकच असते: उत्तर येते, लिहितोही, पण तोंड उघडत नाही, पुढे मुंबईच्या कॉलेजात याचे कसे व्हावे? या चिंतेपायी कित्येक घरी धाकट्या भावंडास मराठी शाळेत घालण्याचा विचारच सोडून दिला जातो.

आमचे मत असे की, दोहोंपैकी एक ओझे आरंभी उतरवून ठेवता येते. गोष्ट मुलांस आधीच माहीत असलेली निवडावी, म्हणजे त्यांचे सारे लक्ष भाषेकडे लागते. अशा गोष्टींची खाण म्हणजे महाभारत. आणि त्यातही शकुंतलेची कथा आम्ही मुद्दाम निवडतो, कारण ती दोन रूपांत उपलब्ध आहे. एक महाभारताच्या आदिपर्वातील आख्यान, व दुसरे त्यावरून कालिदासाने रचिलेले सात अंकी नाटक. दोन्ही इंग्रजीत उतरलेली आहेत. आख्यानात निवेदन आहे, नाटकात संभाषण आहे; भाषेची ही दोन्ही अंगे एकाच कथेवर गिरवावयास मिळतात.

या दोन रूपांत केवढे अंतर आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्या मनात जी कथा असते ती नाटकातील. दुर्वासाचा शाप, मुद्रिका, ती गिळणारा मासा, हे सर्व कालिदासाचे. महाभारतात शाप नाही व अंगठीही नाही. तेथे शकुंतला विवाहास रुकार देण्यापूर्वी अट घालते की, माझ्या पोटी होणारा पुत्रच युवराज झाला पाहिजे. पुढे ती त्या पुत्रास बरोबर घेऊन राजसभेत येते. राजास सर्व काही आठवत असते, तरी तो साफ सांगतो की मला काही आठवत नाही. नाटकातील राजाही हेच सांगतो. परंतु शापामुळे त्यास खरोखरीच आठवत नसते.

वाक्य तेच. एका सभेत ते असत्य आहे, दुसऱ्या सभेत सत्य. इंग्रजीच्या तासास याहून सुंदर वाक्य आम्हांस सापडले नाही.

‘आय डू नॉट रिमेंबर’ हे चार शब्द फळ्यावर लिहून आम्ही प्रथम मुलांस विचारतो की मराठीत हे कसे म्हणाल. ‘मला आठवत नाही,’ असे उत्तर येते. आता पाहा, मराठीत आठवण ही माणसाकडे आपल्या पायांनी चालत येते. आली तर आली, न आली तर त्यास माणूस काय करणार! इंग्रजीत मात्र ‘आय’ पुढे उभा राहतो आणि स्मरण करण्याचे काम आपल्या शिरावर घेतो. ‘मला भूक लागली’, ‘मला वाटते’, ‘मला आवडते’, अशा शेकडो वाक्यांत मराठी ‘मला’ म्हणते तेथे इंग्रजी ‘आय’ म्हणते. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याच्या वहीतील ‘मी’ आणि ‘मला’ यांचा गोंधळ पुष्कळ कमी होतो. मौज ही की, मूळ संस्कृत आख्यानातही राजा स्मरणक्रियेचा कर्ता आपणच होतो. म्हणजे या एका बाबतीत संस्कृत ही मराठीपेक्षा इंग्रजीस जवळची ठरते.

मग दोन मुलांस उभे करावे. एकाने आख्यानातील राजा व्हावे, दुसऱ्याने नाटकातील. दोघांनीही तेच वाक्य उच्चारावे. खोटे बोलणारा राजा ‘नॉट’वर जोर देतो, कारण त्यास ऐकणाऱ्याची खात्री पटवावयाची असते, खरोखर विसरलेला राजा ‘रिमेंबर’वर थांबतो, कारण तो अजून आठवून पाहत असतो. हे आम्ही शिकविले नव्हे. मुलांनी आपल्याच समजुतीने केले. कथा माहीत होती म्हणून केले. इंग्रजी वाक्यातील शब्दाघात हा विषय व्याकरणाच्या पुस्तकातून समजावण्यास आठवडा लागतो.

काही पालक शंका काढतात की, इंग्रजी शिकावयाची तर इंग्रजांच्याच कथा का नकोत? चार्ल्स व मेरी लँब यांनी १८०७ साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी गद्यात लिहिल्या, व त्या पुस्तकावर आपल्याकडच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. पुस्तक उत्तम आहे यात वाद नाही, आणि दहावीनंतर ते अवश्य वाचावे. परंतु त्या ग्रंथाची योजना नीट पाहावी. लँब भावंडांनी ज्या मुलांसाठी लिहिले त्यांस इंग्रजी येत होती व शेक्सपिअर यावयाचा होता. आमच्या मुलांची स्थिती याच्या उलट आहे. दुसरी शंका निराळ्या बाजूने येते: मिशनच्या शाळेत, ख्रिस्ती शिक्षकाने, महाभारत कशास हाती घ्यावे? यास उत्तर म्हणून आम्ही इतकेच सांगतो की, वाल्मीकीचे रामायण मूळ संस्कृतासह इंग्रजीत छापण्यास ज्यांनी १८०६ साली आरंभ केला ते श्रीरामपूरचे विल्यम कॅरे व जोशुआ मार्शमन हे मिशनरीच होते.

शकुंतलेचे इंग्रजी भाषांतर तर त्याहूनही जुने, आणि त्याची हकीकत विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होऊन १७८३ साली हिंदुस्थानात आले. ‘नाटक’ म्हणून जे ग्रंथ आहेत ते काय असावेत, याविषयी त्यांस बरेच दिवस उलगडा होईना. कोणी म्हणे इतिहास, कोणी म्हणे संवाद. अखेर राधाकांत नावाच्या पंडिताने सांगितले की, थंडीच्या दिवसांत कलकत्त्यास तुम्ही इंग्रज लोक जे खेळ करिता तशाच प्रकारची ही वस्तू आहे. मग जोन्स यांनी शाकुंतल हाती घेतले. पण ते एकदम इंग्रजीत उतरविले नाही. संस्कृताची ठेवण लॅटिनशी अधिक जुळते असे पाहून त्यांनी प्रथम शब्दास शब्द ठेवून लॅटिनमध्ये भाषांतर केले, आणि मग त्या लॅटिनवरून सरळ इंग्रजी गद्य लिहिले. १७८९ साली ते कलकत्त्यास छापून निघाले. दोन वर्षांत ते जर्मन भाषेत गेले व गटेसारख्या महाकवीने त्याची थोरवी गाइली. लंडनमध्ये विल्यम पोएल यांनी १८९९ साली ते रंगभूमीवरही आणले.

येथे एक विद्वान इंग्रज आपली भाषा कशी शिकला ते दिसते. मधली एक पायरी घेण्यात त्यास कमीपणा वाटला नाही. आमच्या मुलांनीही ती घ्यावी. वाक्य आधी मराठीत नीट मांडावे, मग त्याच क्रमाने शब्दास शब्द इंग्रजी ठेवावा (ते वाचून वर्गात हशा पिकेल, पिकू द्यावा), आणि शेवटी क्रियापद उचलून कर्त्याच्या शेजारी आणून बसवावे. ‘राजा अंगठी देतो’ यात क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मध्ये. हे स्थलांतर हाताने शंभर वेळा केले म्हणजे पुढे जीभ आपोआप करू लागते. विचारच इंग्रजीत करा, असा उपदेश हल्ली सर्रास ऐकू येतो. ज्यास अजून वाक्य जुळत नाही त्यास तो उपदेश निरुपयोगी आहे.

काही ठिकाणी तर इंग्रजीच सोपी व मराठीच अवघड असे आढळून येते, आणि ते मुलांस मुद्दाम दाखवावे. राजाने अंगठी दिली, वचन दिले, शब्द दिला. मराठीत दिलेल्या वस्तूप्रमाणे क्रियापदाचे रूप पालटते. इंग्रजीत अंगठी असो, वचन असो, ‘गेव्ह’ ते ‘गेव्ह’च. जी भाषा आपण तिसऱ्या वर्षी बोललो ती या परक्या भाषेहून अधिक गुंतागुंतीची आहे हे कळले म्हणजे मुलाची भीती निम्मी ओसरते.

नाटकाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी धीवराचा प्रवेश आहे. रोहित माशाच्या पोटात सापडलेली राजमुद्रिका विकावयास आणलेला एक गरीब कोळी शिपायांच्या हाती सापडतो. वर्गातील जो मुलगा इंग्रजीत सर्वांत कच्चा त्यास आम्ही ही भूमिका देतो, कारण वाक्ये आखूड आहेत. आमच्या मुलांसाठी आम्ही ती अशी बांधिली: ‘आय कॉट अ फिश. आय कट इट. आय सॉ अ रिंग.’ पकडला, कापला, पाहिली. अनियमित भूतकाळाची जी रूपे पाठ करताना मुले रडकुंडीस येतात ती येथे आपोआप मुखोद्गत होतात. ठाण्याच्या खाडीकाठच्या मुलास मासा कसा कापतात हे शिकवावे लागत नाही. ते हातवारे तो घरून घेऊन येतो. मूळ नाटकात राजा संस्कृत बोलतो व हा धीवर प्राकृत बोलतो, हेही मुलांस सांगावे. घरी आगरी बोलणाऱ्या मुलास ते ऐकून बरे वाटते. (प्रवेशाच्या शेवटी शिपाई आणि धीवर मिळून मद्याच्या दुकानाकडे वळतात, तेवढा भाग शाळेत आम्ही गाळतो.)

याच प्रवेशात ‘अ’ आणि ‘द’ यांचा उलगडा होतो. मराठीत ही उपपदे नाहीत. म्हणून मुले ती वाटेल तेथे घालतात, किंवा घालीतच नाहीत. धीवर म्हणतो ‘अ रिंग’, कारण त्याच्या लेखी ती कोणतीही एक अंगठी. राजाच्या हाती ती गेली म्हणजे ती ‘द रिंग’ होते, कारण राजाच्या लेखी जगात अशी अंगठी ती एकच. ज्या क्षणी ‘अ’ची ‘द’ होते त्याच क्षणी राजाची स्मृती परत येते.

काळांचेही तसेच. पाचव्या अंकात प्रेक्षक म्हणेल, राजा विसरला आहे, ‘ही हॅज फरगॉटन’. सहाव्या अंकात अंगठी पाहून राजा स्वतःविषयी म्हणेल, मी विसरलो होतो, ‘आय हॅड फरगॉटन’. मधे अंगठी आली म्हणून ‘हॅज’चा ‘हॅड’ झाला. दुर्वासाच्या शापात ‘अन्टिल’ आहे: ओळखीची खूण दिसेपर्यंत. आख्यानातील शकुंतलेच्या अटीत ‘इफ’ आहे: पुत्र युवराज होणार असेल तर.

आता त्या आख्यानातील शकुंतलेविषयी थोडे. नाटकातील शकुंतला सभेत थोडे बोलते, रागावते, रडते. महाभारतातील शकुंतला वाद करते. तू जाणूनबुजून नाही म्हणतोस, असे ती राजास तोंडावर सांगते. तुझ्यामाझ्यातील अंतर मोहरी आणि मेरुपर्वत यांच्यातील अंतराइतके आहे, असे बजावते. हजार अश्वमेध एका पारड्यात व सत्य दुसऱ्यात घातले तर सत्यच जड होईल, असे म्हणते. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, एकामागून एक कारणे देत जाते. ‘बिकॉज’, ‘देअरफोर’, ‘इव्हन इफ’ या शब्दांचा खरा उपयोग अशाच भाषणात कळतो. नेहमी मान खाली घालून बसणाऱ्या मुलींकडून आम्ही हे भाषण पाठ करवितो. पाठ केलेल्या भाषणास स्वतःचे बोलणे म्हणत नाहीत, हे खरे. पण भर सभेत इंग्रजीतून कारणे देत उभे राहणे कसे असते, याची सवय शरीरास आधी व्हावी लागते. शब्द मागाहून येतात. पुढील वादविवादस्पर्धेत यांतीलच एखादी मुलगी समोरच्यास ‘इव्हन इफ’ म्हणून अडविते, तेव्हा तिच्या आईवडिलांस ते कोठून आले ते कळत नाही.

रंगभूमीचा संस्कार आपल्या घरांत मुळचाच आहे. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सीतास्वयंवराचा खेळ केला. १८५३ साली, म्हणजे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली त्याच वर्षी, त्यांच्या मंडळीने मुंबईत प्रयोग केले. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास संगीत शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, आणि तेव्हापासून दुष्यंत मराठीत गाऊ लागला. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांपैकी एखाद्या ठिकाणी नाटक पाहिले नाही असे कुटुंब आमच्या पालकांत विरळा. ज्या घरी आजीआजोबांस शाकुंतलाची पदे येतात त्या घरी त्यांनी ती मुलांस म्हणून दाखवावी. अर्थ आधी मराठीतून कानात बसला की इंग्रजीचे काम हलके होते.

पुस्तकांविषयी दोन शब्द. किसारी मोहन गांगुली यांचे संपूर्ण महाभारताचे इंग्रजी गद्य भाषांतर कलकत्त्याहून १८८३ ते १८९६ या काळात प्रतापचंद्र राय यांनी प्रसिद्ध केले. ते विश्वासू आहे, पण ‘दाऊ’ व ‘दी’ यांनी भरलेले असून शालेय विद्यार्थ्यांनी ते शिक्षकाजवळ बसूनच वाचावे. नाहीतर मुलगा परीक्षेत ‘दाऊ’ लिहून येईल. नाटकासाठी मोनिअर विल्यम्स यांचे १८५५ सालचे भाषांतर प्रसिद्ध आहे. परंतु आर्थर रायडर या अमेरिकन पंडितांचे १९१२ सालचे भाषांतर मुलांच्या जिभेस अधिक सोपे जाते, व त्याच पुस्तकात महाभारतातील मूळ कथाही दिली आहे. इंटरनेटवर ही जुनी पुस्तके विनामूल्य वाचावयास मिळतात. नववीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत रायडर यांचा पाचवा अंक मोठ्याने तीन वेळा वाचावा, आणि सभेतील प्रवेश महाभारतातील कथेप्रमाणे, म्हणजे अंगठी वगळून व मुलास आईशेजारी उभे करून, आपल्या इंग्रजीत वहीच्या दोन पानांत लिहून आणावा. राजाचे ते एक वाक्य मात्र बदलू नये.