जुन्या घरात दिव्यांचं ऑटोमेशन

प्रश्न : सावेडीतलं आमचं घर जुनं आहे. भिंती न फोडता दिवे मोबाईलवरून आणि ठरल्या वेळी चालू-बंद करता येतील का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : येतील. पण काही विकत घेण्याआधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून एकेक बोर्ड उघडून घ्या. बटणांमागे बसणाऱ्या वायफाय मॉड्यूलला फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. जुन्या वायरिंगमध्ये तो अनेकदा बटणापर्यंत आलेलाच नसतो, थेट दिव्याकडे गेलेला असतो. ज्या बोर्डावर प्लग पॉइंट आहे तिथे मात्र तो असतोच. सुरुवात तिथूनच करा. वायरच्या रंगावर विसंबू नका, मीटर लावून खात्री करा. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलही मिळतात, पण त्यांवर कमी वॅटचे एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहू शकतात. मी ती सुचवणार नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची आणि मेन लाइनची वायर एका मॉड्यूलवर एकत्र आणू नका. वीज परत आल्यावर दिवे आधीच्याच स्थितीत राहतील, असं सेटिंग असलेलं मॉड्यूल घ्या. अंगणातल्या दिव्याला साधा फोटोसेल पुरतो.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि भिंतीवरची बटणं चालू ठेवा. घरातल्या आजी-आजोबांना मोबाईलशिवाय दिवा लावता आलाच पाहिजे.