रिकाम्या गव्हाणीपासून नाताळ

घरात तीन ते आठ वर्षांची मुलं असली की आईबाबांना सगळंच एका वर्षी करावंसं वाटतं. झाड, तारा, गोठा, केक, नवे कपडे, सांताक्लॉज. माझं सांगणं असं, की पहिल्या वर्षी तीनच गोष्टी धरा, आणि त्याही अशा, की घरात आजारपण असलं किंवा कुणाची रात्रपाळी असली तरी पार पडतील. मुलाला प्रथा कळते ती दुसऱ्या वर्षी, जेव्हा तेच पुन्हा घडतं आणि ते आपणहून विचारतं, "पेंढा कधी आणायचा?" म्हणून पुढच्या वर्षी झेपणार नाही ते यंदा सुरूच करू नये.

माझ्या तीन गोष्टी म्हणजे आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, मेणबत्त्या, बाळाची वाट पाहणारी रिकामी गव्हाण आणि शेजाऱ्यांना जाणारी कुलकुलांची ताटली. वसईच्या घरातही त्या होतात नि विरारच्या फ्लॅटमध्येही.

साहित्य

तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. जांभळी मिळाली नाही तर पांढरीला जांभळी रिबन बांधा. एक परात, वाळू, फळांची पेटी किंवा बुटांचं खोकं, ब्राउन पेपर, मूठभर गहू, पेंढा आणि गोठ्यातल्या मूर्ती. मूर्ती प्लास्टरच्या असतील तर एखादी फुटणार, हे धरूनच चला. कापडी किंवा लाकडी असल्या तर उत्तम. तीन वर्षांखालचं भावंड असेल तर छोटी मेंढरं वर ठेवा, ती थेट तोंडात जातात.

पहिली पायरी: चार रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये येतो. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे. परातीत वाळू पसरून चारही मेणबत्त्या घट्ट रोवा, भोवती हिरवा पाला लावा. पहिल्या आठवड्यात एक पेटवायची, दुसऱ्यात दोन. तिसरा रविवार आनंदाचा, त्या दिवशी गुलाबी. मुलं या गुलाबीची फार वाट पाहतात. रोज संध्याकाळी जेवणाआधी पेटवा, एक 'नमो मारिया' म्हणा, विझवा. पेटवणं मोठ्यांचं काम, फुंकर मुलाची. दोन मुलं असतील तर पाळी ठरवून कॅलेंडरवर नावं लिहून टाका, रोजचं भांडण वाचेल. प्रार्थना लांबवू नका. चार वर्षांचं मूल जेवढा वेळ शांत उभं राहील तेवढीच ती असावी.

दुसरी पायरी: गोठा, पण बाळाविना

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गोठा मांडा. आमच्याकडे गावोगावची तरुण मंडळी रस्त्याकडेला मोठाले नाताळगोठे उभारतात, ते मुलांना बघायला जरूर न्या. घरातला मात्र लहान असावा आणि जमिनीलगत असावा. कपाटावर मांडलेला गोठा मुलाला फक्त दिसतो. हात पोचला तर त्याचा होतो. ब्राउन पेपर भरपूर चुरगाळा, उलगडा, पुन्हा चुरगाळा, मग त्यावर गेरूचं पाणी शिंपडून वाळवा. खोक्यामागे उभा केला की डोंगर तयार. हे काम पूर्णपणे मुलांचं. डोंगर वाकडे झाले तर वाकडे राहू द्या, रात्री उठून सरळ करू नका.

मारिया, योसेफ, बैल, गाढव ठेवा. गव्हाण रिकामी ठेवा. बाळयेशूची मूर्ती रुमालात गुंडाळून कपाटात जाईल, आणि कुठे आहे ते मुलांना माहीत असू द्या. ती अधूनमधून उघडून बघतील. बघू द्या.

तीन ज्ञानी पुरुष गोठ्यात नकोत. मत्तयच्या शुभवर्तमानात ते बाळाला भेटतात ते घरात, आणि तेही ताऱ्यामागून लांबचा प्रवास करून. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत उभे करा. रोज एक मूल त्यांना थोडं पुढे सरकवील. टीव्हीवरून, फ्रिजवरून, चपलांच्या स्टँडवरून त्यांचा प्रवास चालू राहतो, आणि गोष्ट घरभर पसरते.

गोठ्यासमोरच्या हिरवळीसाठी बशीत कापूस किंवा माती घालून रात्रभर भिजवलेले गहू पेरा. 12 ते 14 डिसेंबरच्या सुमारास पेरले तर नाताळपर्यंत वीतभर वाढतात. गोव्यात यासाठी नाचणी पेरतात, आणि फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू टाकायची जुनी चाल आहे. पाणी मुलाने घालायचं, पण चमच्याने. तांब्या हातात दिला तर गहू पोहतात आणि कुजतात.

तिसरी पायरी: पेंढ्याची काडी

माझ्या मते या सगळ्याचा गाभा इथे आहे. इटलीतल्या ग्रेचो गावात 1223 च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण मांडली, तेव्हा त्याने खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. बाळ कशावर निजलं असेल ते लोकांनी डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा. आपणही बोटाएवढ्या काड्या कापून वाटीत ठेवायच्या. मुलाने कुणासाठी काही चांगलं केलं की त्याने एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळासाठी अंथरूण मऊ करायचं.

पेंढा शहरात फळवाल्याकडे मागा. नाहीच मिळाला तर पिवळी लोकर कापून घ्या.

नियम थोडेच, पण कडक पाळा. टाकलेली काडी शिक्षा म्हणून कधीही काढायची नाही. ताईच्या किती, दादाच्या किती, असं मोजायचं नाही, म्हणून सगळ्यांची गव्हाण एकच. काडी मागून मिळत नाही, स्वतःच्या हाताने टाकायची. काय केलं ते सांगायचीही सक्ती नाही. आणि मोठ्यांनीही टाकायच्या. बाबा ऑफिसातून आल्यावर काडी उचलून म्हणाले, "आज एकावर ओरडणार होतो, थांबलो," तर मुलाला समजावून सांगण्यासारखं फारसं उरत नाही. 20 तारखेपर्यंत गव्हाण ओकीबोकी दिसली तर मुलांना टोकू नका, तुमच्या काड्या वाढवा.

सांताक्लॉजचं मुलं विचारणारच. तो ज्यांच्यावरून आला, त्या मायराच्या बिशप संत निकोलस यांचा सण 6 डिसेंबरला असतो. त्यांची गोष्ट त्या दिवशी सांगा, हातावर चॉकलेट ठेवा, पुरे.

चौथी पायरी: कुलकुलं आणि ताटली

नाताळच्या आठवडाभर आधीची एक दुपार मोकळी ठेवा. दोन वाट्या मैदा, पाव वाटी रवा, दोन चमचे गरम तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ. हे नारळाच्या दुधात घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. गोटीएवढा गोळा तूप लावलेल्या काट्याच्या पाठीवर दाबून पसरायचा आणि टोकाकडून गुंडाळत आणायचा. शिंपल्यासारखा आकार येतो, वर काट्याच्या रेघा उमटतात. पाच वर्षांच्या मुलाला दहाव्या गोळ्यापर्यंत हे जमतं. चुकलेलं कुलकुल पुन्हा मळू नका, तेही तळा, आणि कुणाचं ते मुलाला ओळखू द्या. आच मध्यम हवी, साखरेमुळे ती लवकर करपतात. तळताना मुलं स्वयंपाकघराबाहेर.

दिवाळीत ज्या घरांतून फराळ आला, त्यांच्या ताटल्या याच दिवसासाठी बाजूला ठेवलेल्या असाव्यात. कुलकुलं भरलेली ताटली मुलाच्या हातात द्या, बेल त्याला वाजवू द्या, तुम्ही दोन पावलं मागे राहा.

पाचवी पायरी: 24 ची रात्र

लहान मुलांना मध्यरात्रीच्या मिस्सासाठी जागवायचा हट्ट नको. बहुतेक चर्चमध्ये संध्याकाळी किंवा सकाळी मिस्सा असतो, तिकडे न्या. घरी दिवे मालवा, चारही मेणबत्त्या पेटवा. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सातव्या ओवीपर्यंत वाचा, अगदी लहानांना आपल्या शब्दांत सांगा. मेंढपाळ दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. मग सगळ्यांत लहान मुलाने बाळयेशूला दोन्ही हातांत घेऊन यायचं आणि काड्यांवर ठेवायचं. सगळ्यांना येणारं एक गीत म्हणा. रडारड झाली, कुणी झोपलं, तर हेच 25 च्या सकाळी करा. तेवढंच चांगलं होतं.

नंतर

26 ला गोठा मोडू नका. ज्ञानी पुरुष अजून वाटेत आहेत. त्यांचा सण 6 जानेवारीचा, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जवळच्या रविवारी साजरा होतो. त्या दिवशी ते पोचले, की आवराआवर. गहू कुंडीत लावा किंवा कोंबड्यांना घाला. मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा, काय फुटलंय ते खोक्यावर लिहा, आणि जांभळ्या मेणबत्त्या संपल्या असतील तर तेही लिहा, कारण त्या नोव्हेंबरातच आणाव्या लागतात.