कळलावी : जुनें चित्र आणि धुऱ्यावरील कंद

आषाढ-श्रावणांत वऱ्हाडांतील धुऱ्यांवर, कुंपणांत व झुडपी रानांत एक वेल चढूं लागते आणि पुढें तिला ज्वाळेसारखीं फुलें येतात. ती कळलावी, अर्थात् खड्यानाग होय. तिचें सर्वांग, विशेषतः कंद व बीं, विषारी आहे. वाशीमकडील शेतकरी बंधूंस तिची ओळख पक्की व्हावी, म्हणून एका जुन्या चित्राच्या आधारें हा पाठ देत आहों.

इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें ‘होर्तुस मलबारिकुस’ हा लॅटिन ग्रंथ बारा भागांत छापला गेला. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानें तो तयार करविला. त्यास माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन वैद्य, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. या तिघांचा नागरी लिपींतील कोंकणी दाखला पहिल्या भागांत छापलेला आहे. सातव्या भागांत (१६८८) कळलावीचें चित्र ‘मेंदोनी’ या नांवानें आहे.

तें ताम्रपटावर कोरून काळ्या शाईनें छापलेलें आहे. रंग नाहीं, ही उणीव वाटेल. परंतु ओळखीच्या कामीं ती सोयीचीच आहे. कळलावीचें फूल प्रथम हिरवट-पिवळें असतें व पुढें लाल होतें. केवळ रंग पाहणारा एकाच वेलीस दोन समजेल. आकार मात्र बदलत नाहीं. तीन खुणा ध्यानांत ठेवाव्या : पानाचें टोंक काकडीच्या ताण्याप्रमाणें गुंडाळलेलें, सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या व मागें उलटलेल्या, आणि स्त्रीकेसराचा दांडा बुडाशीं काटकोनांत वळलेला.

खरा धोका फूल नसतांना असतो. पावसाळा सरल्यावर वेल वाळते व कंद भुईंत राहतो. तो दुफाटा, नांगराच्या आकाराचा असतो. म्हणून संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. उन्हाळी नांगरटींत किंवा धुरा खणतांना तो वर आल्यास रताळें समजून एखादें मूल तोंडांत घालील. उकडल्यानें विष जातें असें मानूं नये. तसेंच ‘कळ लावणारी’ या नांवावर विसंबून अडलेल्या बाईस ती देणें प्राणघातक आहे.

विष पोटांत गेल्यास कांहीं तासांनीं घशाची आग, ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. ते थांबले म्हणजे धोका टळला असें नव्हे. त्यांतील कोल्चिसिन हें द्रव्य पुढील दिवसांत मूत्रपिंड, रक्त व हृदय यांवर घाला घालतें. यास्तव लक्षणांची वाट न पाहतां, घरगुती उताऱ्यांत वेळ न दवडतां, रोग्यास कंदाच्या तुकड्यासह तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

पाहणीपत्रकांत पिकाची व पडिताची नोंद होते. धुऱ्यावरील विषाची होत नाहीं. ती आपणच करावी. वेल फुलांवर असतां तेथें खुंटी ठोकावी व घरच्या मुलांस आणि सालदारास ती जागा दाखवावी. वेल काढावयाची झाल्यास हातास कापड गुंडाळून कंद समूळ काढावा, मुलांच्या वा गुरांच्या वाटेंत टाकूं नये, व नंतर हात स्वच्छ धुवावे.